आत्यानं बुजवलेलं भोक

भूपेंद्र सरांना हायड्रॉलिक पूल हवा होता.

"बेटा, सिरिंज में पानी भरो, पुल ऊपर, पुल नीचे, जज खुश," ते म्हणाले. "तू ये थाली बजाने का क्या लेके आ गई?"

सर आमच्या देवासच्या शाळेत अकरावीला फिजिक्स शिकवतात. माणूस म्हणून सोनं आहेत. पण दर वर्षी आमचा पूल वर जातो, पूल खाली येतो आणि आमची शाळा तिसरी येते. मी म्हटलं, सर, या वेळी थाळीच वाजवू या. मागच्या वर्षीची मी असते तर एवढं बोलायच्या आधीच बाकाखाली गेले असते. या वर्षी मला काय झालंय कोण जाणे, तोंड उघडलं की बंदच होत नाही.

थाळी म्हणजे फूटभर लांब-रुंद, पातळ पितळी पत्रा. त्याच्या एका कोपऱ्याखाली जुन्या स्पीकरचं कॉइल चिकटवायचं, मोबाइलवरून एकच सूर सोडायचा आणि वरून बारीक रवा भुरभुरायचा. पत्रा थरथरतो. जिथे तो जोरात हलतो तिथून रवा उडून जातो, जिथे शांत असतो तिथे गोळा होतो, आणि बघता बघता रांगोळी उमटते. आता तसाच दुसरा पत्रा घ्या आणि त्याच्या मधोमध रुपयाएवढं भोक पाडा. तोच सूर सोडा. रांगोळी मोडते. लाट भोकापाशी येते, ठेचकाळते, भलतीकडे फुटते, आणि पार कडेला बसलेल्या रव्यालाही कळतं की मध्ये कुठेतरी गडबड आहे.

माझं म्हणणं असं की भोक राहू दे, पण रव्याला ते कळता कामा नये. भोकाभोवती छोटी छोटी वजनं अशा जागी बसवायची की लाट वळसा घालून जाईल आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा अशी जुळेल, जणू वाटेत काही लागलंच नाही.

या जागा डोळ्यांनी शोधता येत नाहीत. त्यासाठी पत्र्याचं समीकरण लागतं. हवेत सगळे सूर एकाच वेगानं पळतात, म्हणून तर लांबून बँड ऐकला तरी गाणं गाणंच राहतं. पातळ पत्र्यात तसं नाही. तिथे बारीक सूर पुढे पळतात आणि जाडे मागे रेंगाळतात. हे मला समीकरण सोडवताना दिसलं आणि मी खुर्चीतून उठून घरभर फिरून आले. सर म्हणाले, "सिलेबस में नहीं है." मला तर तेच आवडलं होतं. मग मी लॅपटॉपमध्ये पत्र्याचे बारीक चौकोन केले, प्रत्येक चौकोनाला त्याची जाडी दिली आणि संगणकाला कामाला लावलं: इथे वजन ठेवून बघ, नाही जमलं तर तिथे, साध्या पत्र्याची रांगोळी परत येईपर्यंत थांबू नकोस. वजनं म्हणजे पितळी नट, मेणानं चिकटवलेले. पत्रा पितळेचा अशासाठी की पितळ स्टीलपेक्षा मऊ, भोक पाडायला बरं.

हे सगळं धारच्या प्रदर्शनासाठी चाललं होतं. माळव्यातल्या शाळा येणार होत्या. बक्षिसं असतात तशी होती, ढाल वगैरे. मला ढाल नको होती. पुण्याला उन्हाळ्यात शाळकरी मुलांचं तीन आठवड्यांचं शिबिर होतं, गणिती मॉडेलिंगचं, आणि आमच्या प्रदर्शनातून त्यात एकाच मुलाला जागा मिळणार होती. नंबर कोणताही येवो, ती जागा परीक्षक ठरवणार होते.

"शौक आणि करिअर यात फरक असतो, आरोही," बाबा म्हणाले.

"जागा मिळाली तर मग तो शौक राहणार नाही ना?"

बाबांनी विचार केला. "मिळाली तर जा पुण्याला. नाही मिळाली तर एप्रिलपासून इंदूरला कोचिंग, सकाळ-संध्याकाळ. आणि ती थाळी माळ्यावर. कबूल?"

"कबूल."

कबूल म्हणताना मला भीती वाटली नाही. भोकाचा पत्रा घरी तीनदा चालवून बघितला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी धारला आत्याकडे पोचले. विनोदिनीआत्या बाबांची मोठी बहीण. आतोबा अमझेऱ्याला बँकेत असतात आणि शनिवारचे येतात, म्हणून घरात ती आणि तिचा मुलगा अनीशदादा दोघंच. आत्या मला घ्यायला बसस्टँडवर आली होती. टपावरून सामान उतरवताना माझी पिशवी कंडक्टरच्या हातून सुटली आणि फरशीवर ठण्णकन वाजली. मी तिथेच पिशवीत हात घालून पत्रे चाचपले. वाकले नव्हते. नट जागच्या जागी होते.

"काही झालं नाही," मी म्हटलं.

"नक्की?" आत्या म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण मला वाटलं ऊन आहे.

जेवण झालं आणि अनीशदादा मला स्कूटरवरून प्रदर्शनाच्या हॉलवर घेऊन गेला. तिथे मी माझं टेबल शोधलं, प्लगमध्ये वीज आहे का ते बघितलं आणि चार्ट लावला. चार्टवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: "छेद को अदृश्य कैसे करें". अनीशदादा बाग प्रिंटच्या, म्हणजे ठशांनी कापड छापायच्या कारखान्यात डिझाइनचं काम बघतो, त्यामुळे त्यानं माझ्या अक्षरांमधलं अंतर चुकलंय यावर वाटभर भाषण दिलं. परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

"ये, ये. बघ तरी," आत्या दारातूनच म्हणाली.

देवघरासमोर पाटावर दोन्ही पत्रे मांडले होते. चिंचेनं घासून लखलखीत, दसऱ्याच्या भांड्यांसारखे. मी आधी खरंच खूश झाले. मग दिसलं की नट नाहीत. मग दिसलं की नटांच्या जागा दाखवायला मी पेन्सिलीनं काढलेली वर्तुळं नाहीत. आणि मग दिसलं की भोक नाही.

"आत्या, भोक कुठे गेलं?"

"बुजवलं," आत्या म्हणाली. केवढं समाधान होतं तिच्या आवाजात. "अगं, पिशवी पडली तेव्हाच माझ्या काळजात धस्स झालं होतं. उघडून बघते तर नव्या कोऱ्या पितळेला हे भगदाड, आणि भोवती मेणानं नट चिकटवलेले. म्हटलं, पोरीनं घाबरून काहीतरी ठिगळ जोडलंय बिचारीनं, सांगायची लाज वाटत असेल. तू बाहेर गेलीस तशी मी भांडी सांधणाऱ्या कसेऱ्याकडे गेले. त्यानं खालून पितळेचा तुकडा लावून वरपर्यंत डाख भरलाय. म्हणाला, बाई, पत्रा झिजेल, हे निघणार नाही."

मी पत्रा उलटा केला. खाली गोल तुकडा, त्याच्या कडेनं चांदीसारखी डाखाची रेघ. काम खरंच सुंदर होतं.

"आणि शुभ कामाला निघालेली मुलगी," आत्या म्हणाली, "फुटकं पितळ घेऊन जाते का कुठे?"

अनीशदादा चपला काढता काढता उंबऱ्यावरच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरोही, तुझा चार्ट तर खरा झाला. आईनं करून दाखवला ना छेद अदृश्य."

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

त्यानं सांगितलं. भोकच प्रोजेक्ट होता, भोक मुद्दाम पाडलं होतं, नट मुद्दाम लावले होते. आत्या ऐकत गेली तशी हळूहळू खाली बसली. नट तिनं टाकले नव्हते, चांदीच्या वाटीत धुऊन ठेवले होते. ती वाटी तिनं माझ्यापुढे सरकवली.

मी रडायला सुरुवात केली होती, खोटं कशाला सांगू. पण आत्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी आणखी रडले तर ती रडेल, मग अनीशदादा दोघींची समजूत काढेल, आणि तेवढ्यात अंधार पडेल. मी नाक पुसलं.

"कसेऱ्याला फोन कर दादा. म्हणावं, काढून दे."

फोन लागला. कसेरा डही गावाला लग्नाला निघाला होता, बसमध्ये होता. परवा येतो म्हणाला.

"मग हा दुसरा पत्रा साधाच आहे ना," अनीशदादा म्हणाला, "याला पाडू भोक. नट लाव, झालं."

"आणि तुलना कशाशी करू? साधा पत्रा शेजारी नसेल तर रांगोळी परत आली हे कोणाला कळणार?"

"हूं."

"भोक राहू दे," मी म्हटलं. "म्हणजे, ठिगळ राहू दे. मी ठिगळ लपवते."

बोलून गेले. तेव्हा कसं लपवायचं ते मला माहीत नव्हतं.

पण संगणकातल्या मॉडेलला भोक म्हणजे तरी काय? मधल्या चौकोनांची जाडी शून्य. आता तिथे शून्याच्या जागी दुप्पट जाडी लिहायची. लिहिली. आधी एक गोष्ट तपासायची होती, मॉडेल खोटं तर बोलत नाही ना. ठिगळाच्या पत्र्याची रांगोळी कशी दिसेल ते संगणकाला विचारलं आणि खऱ्या पत्र्यावर रवा टाकून तोच सूर सोडला. दोन्ही जुळेनात. संगणक म्हणत होता मध्ये मोठं वळण, पत्रा दाखवत होता दोन छोटी.

मी पत्रा पुन्हा उलटा केला. तुकडा रुपयाएवढा नव्हताच. कसेऱ्यानं भक्कम व्हावं म्हणून तो भोकापेक्षा बराच मोठा घेतला होता, आणि डाख त्याच्याही बाहेर पसरला होता. वरून बघताना मला फक्त भोकाची जागा दिसत होती. अनीशदादाच्या व्हर्नियरनं सगळं मोजून पुन्हा भरलं. आता संगणकानंही दोन वळणं दाखवली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग म्हटलं, आता नटांच्या नव्या जागा शोध. संगणकानं बराच वेळ शोधलं. आत्यानं कांदेपोहे आणून ठेवले, ते गार झाले. उत्तर आलं ते असं: एकही नट लावू नकोस. जितके लावशील तितकी रांगोळी बिघडेल.

"झालं?" अनीशदादानं विचारलं.

"थांब जरा."

मी पोहे खाल्ले. गार पोहे खाताना माणूस नीट विचार करतो, निदान मी तरी. भोक म्हणजे पत्र्यातून काहीतरी गेलेलं. लाटेला तिथे कमी पडतं, म्हणून भोवती नट लावून ते भरून काढायचं. ठिगळ म्हणजे उलट. तिथे जास्तीचं आहे. जास्तीच्या भोवती आणखी वजन ठेवून कसं चालेल? तिथे तर काढायला हवं. ज्या जागी संगणकाला नट नको होते त्या जागी त्याला पितळच कमी हवं होतं, पण तो तसं म्हणू शकत नव्हता, कारण मी त्याला फक्त नट दिले होते.

मी त्याला नटांऐवजी बारीक भोकं दिली आणि बटण दाबलं. दोन रांगोळ्यांमधल्या फरकाचा आकडा खाली उतरायला लागला. उतरत गेला, उतरत गेला आणि एका जागी थांबला. पडद्यावर ठिगळाभोवती भोकांची दोन कडी, एकात एक, आणि पलीकडे साध्या पत्र्याची रांगोळी जवळजवळ तशीच.

"आत्या," मी म्हटलं, "मला भोकं पाडायची आहेत."

"कुठे?"

"याच पत्र्याला."

"किती?"

"बरीच."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "आरोही, एक बुजवायला मी उन्हातान्हात कसेऱ्याकडे गेले."

"त्या एकामुळेच एवढी लागतायत."

अनीशदादा एव्हाना ड्रिल आणायला उठला होता. छपाईच्या लाकडी ठशांना मागून बारीक भोकं पाडावी लागतात, हवा निघून जायला, नाहीतर रंग अडकतो. त्यासाठी त्याच्याकडे छोटं ड्रिल आणि पेन्सिलीच्या टोकाएवढी पाती होती. "पण पितळ आहे," तो म्हणाला. "लाकडासारखं दाबलंस तर पातं मोडेल. आणि मेणासारखं नाही हे. नट चुकला तर सरकवता येतो. भोक सरकवता येत नाही."

"माहितीये."

"चुकलं तर पत्रा गेला."

"दादा, तू मला घाबरवतोयस की सांगतोयस?"

"दोन्ही, भिया," तो माळव्यातल्या पोरांच्या थाटात म्हणाला.

पहिलं भोक पाडायच्या आधी मी संगणकातली रांगोळी मोबाइलवर अनीशदादाला पाठवून दिली. नंतर मला कोणी म्हणू नये की आधी रवा बघितला आणि मग गणित जुळवलं. कोणी म्हणण्यापेक्षा मी स्वतःच स्वतःला म्हणू नये.

पत्रा खाली टेकवायला सपाट लाकूड हवं होतं. आत्या आत गेली आणि जेवायचा पाट घेऊन आली, पितळी फुलांचा नव्हे, साधा. तिनं तो उलटा टाकला. मग पदर खोचून पत्र्याचे दोन कोपरे दोन्ही हातांनी दाबून धरले. मी म्हटलं, दादा धरेल. ती म्हणाली, "त्याचे हात कापतात. लहानपणापासून." अनीशदादा म्हणाला, "माझे?" आणि दिवा जवळ धरून उभा राहिला.

मी ड्रिल चालवलं. पितळ किंचाळतं, आधी माहीत नव्हतं मला. पातं हळूहळू उतरतं, सोनेरी कीस वर येतो, आणि मग एकदम हात मोकळा होतो. प्रत्येक भोकानंतर आत्या फुंकर मारून कीस उडवायची आणि पुढच्या खुणेकडे हनुवटीनं दाखवायची. अर्धं झाल्यावर ती म्हणाली, "जाळीदार दिसतंय. वाईट नाही दिसत." शेवटाकडे एक भोक किंचित बाजूला सरकलं. मी थांबले. तिघांनी वाकून बघितलं.

"केसभर," आत्या म्हणाली.

केसभर चाललं असतं की नाही ते मला माहीत नव्हतं. मी ते भोक जिथे पडलं तिथे मॉडेलमध्येही सरकवलं. आकडा थोडासा वर गेला. थोडासाच. नवी रांगोळीही दादाला पाठवली आणि झोपले.

सकाळी अंघोळ करून आधी पत्रा मांडला. रवा टाकला, सूर सोडला. रांगोळी उमटली आणि ती माझी नव्हती. मग आठवलं की ड्रिलसाठी पत्रा पाटावर टेकवताना कोपऱ्याखालचं कॉइल मी काढलं होतं आणि झोपेच्या भरात पुन्हा चिकटवलंय, थोडं आत. ते कडेला सरकवलं. पुन्हा रवा, पुन्हा सूर. आता रव्याचे दाणे नाचत नाचत रांगेला लागले. एक वळण, दुसरं वळण, मधली उभी रेघ. शेजारी साधा पत्रा. दोन्हीकडे तेच. फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ वाकडी होती आणि ती काही केल्या सरळ होईना.

"हे लपवता येईल?" अनीशदादानं विचारलं.

"नाही. विचारलं तर सांगेन."

हॉलवर सर आधीच आले होते. त्यांनी चार्ट बघितला. मी पोचल्या पोचल्या "छेद"वर काट मारून वर "पैच", म्हणजे ठिगळ, असं लिहिलं होतं.

"बेटा, ये क्या?"

मी सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पुल में कम से कम बुआजी कुछ नहीं कर सकती थीं."

पहिले परीक्षक बिल्ला लावलेले उंच काका होते. त्यांनी विचारलं, उपयोग काय? मी म्हटलं, एखादं नाजूक यंत्र असेल आणि जमिनीची थरथर त्याला लागू द्यायची नसेल तर लाट अशी वळवून नेता येईल. ते म्हणाले, "अच्छा है. चार्ट सुंदर है." आणि शेजारच्या टेबलावर गेले, जिथे एक पूल वर जात होता.

मग मॅडम आल्या. इंदूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या, करड्या रंगाच्या साडीतल्या. पुण्याच्या शिबिरासाठी निवड त्याच करणार होत्या, हे सरांनी मला कोपरानं ढोसून सांगितलं. मी दोन्ही पत्र्यांच्या मध्यावर पुठ्ठ्याच्या गोल टोप्या तारेनं अधांतरी टांगल्या होत्या. मधलं काही दिसत नव्हतं, फक्त भोवतीचा रवा.

"मॅडम, इनमें से एक थाली के बीच में गड़बड़ है," मी म्हटलं. "रवा देखकर बताइए, कौनसी."

सूर सोडला. रवा नाचला, रेघा उमटल्या. मॅडम वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. डावीकडे बोट नेलं आणि थांबल्या. उजवीकडे बघितलं. पुन्हा डावीकडे.

"ये," त्या उजवीकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मी उजवी टोपी काढली. सपाट, स्वच्छ पितळ. मग डावी काढली. डाखाचा गोल, भोवती भोकांची दोन कडी.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या पत्र्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ये लाइन टेढ़ी है. पहले देखनी चाहिए थी मुझे. टेढ़ी क्यों है?"

रवा जाड आहे असं म्हणता आलं असतं. "पैच पूरा गोल नहीं है," मी म्हटलं. "मेरे मॉडल में गोल है. और एक छेद थोड़ा हट गया."

"दूसरा सुर लगाओ."

मी सूर वर नेला. उजव्या पत्र्यावर नवी रांगोळी आली, नीटस. डाव्यावर सगळं फुटलं, रवा मध्याभोवती पिसाटासारखा फिरायला लागला.

"तो सिर्फ एक सुर पर?"

"हाँ मॅडम. पतली प्लेट में हर सुर की लहर अलग लंबाई की होती है. मेरे छेद एक ही लंबाई के लिए हैं."

"हूं. चार्ट पर 'छेद' क्यों काटा?"

मी परत एकदा सगळं सांगितलं, पिशवी, चिंच, कसेरा. सांगताना मला वाटत होतं की हे शाळेच्या प्रदर्शनात सांगण्यासारखं नाही, पण मॅडम मध्ये थांबवत नव्हत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "वज़न वाली रिंग कहीं पढ़ी थी?"

"हाँ. वैसा लोगों ने किया हुआ है."

"और ये?"

"ये मुझे कहीं मिला नहीं. कल शाम का है."

"मॉडल ने पहले क्या कहा था, वो है?"

अनीशदादा गर्दीत उभा होता. मी त्याचा फोन मागितला. दोन्ही चित्रं होती, पाठवल्याच्या वेळेसकट, पहिलं ड्रिलच्या आधीचं. मॅडमनी फोन पत्र्याशेजारी धरला आणि रेघेला रेघ लावून बघत राहिल्या. वाकड्या रेघेपाशी पुष्कळ वेळ थांबल्या. मग फोन परत दिला आणि पुढच्या टेबलावर गेल्या.

बक्षिसं संध्याकाळी झाली. पहिला नंबर ठिबक सिंचनाला. दुसरा त्या पुलाला. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कुछ नहीं बोल रहा मैं." तिसरा सौर चुलीला. माझ्या हातांत पत्रा होता आणि त्याच्या कडा मी इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटांवर रेघा उठल्या. माळ्यावर ही थाळी कुठे बसेल, पत्र्याच्या पेटीमागे की गाद्यांवर, इथपर्यंत मी पोचले होते.

मग मॅडमनी माइक घेतला आणि माझं नाव वाचलं, शाळेच्या नावासकट. सरांनी दोन्ही हात वर केले, जसं काही त्यांनाच बोलावलंय. आत्या कधी आली होती कोण जाणे, शेवटच्या रांगेतून तिचा आवाज आला, "आमची आहे ती."

स्टेजवर मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि माइक बाजूला धरून बोलल्या. "छेद वाली होती तो तुम्हें जगह नहीं मिलती, समझी? अच्छी नकल होती. पैच का हल किसी ने छापा नहीं है."

"जी मॅडम."

"पुणे में वही प्लेट लेके आना. लेकिन दो सुरों पर करके दिखाना पड़ेगा."

मी तोंड उघडलं. मघाशीच सांगितलं ना, या वर्षी ते उघडलं की काही खरं नसतं.

"तीन पर," मी म्हटलं.

सर स्टेजच्या पायरीपर्यंत आले होते. ते खालून पुटपुटले, "बेटा, दो बोल दे. दो बहुत हैं."

मी तीनच ठेवलं.